पाडणाऱ्यानं नाचायचं

आबा सिने-कॅमेरा माझ्याकडे देत असताना तो माझ्या हातून निसटला. मी मात्र म्हणालो, "आबा, तुमचे हात थरथरतात." त्या दिवसापासून आबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

दौंडला स्टेशनजवळ असे चावीचे जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते; बंद पडलेला कॅमेरा घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. स्क्रू चहाच्या बशीत ठेवायचे, लेन्स धोतराच्या मऊ तुकड्याने पुसायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. दुरुस्ती झाल्यावर चावी भरत त्यांनी विचारलं, "पाडला कुणी?"

"म्या," आबा म्हणाले.

"मग नाचा. समोर काय हाललं तवाच कळतं नीट चालतोय का. आन् पाडणाऱ्यानंच नाचायचं, हा आपला नियम हाय."

सत्तरीचे आबा निमूटपणे धोतराचा सोगा खोचू लागले. मला राहवेना.

"आबा, थांबा! मी पाडला."

आबांनी मला न्याहाळलं. "मग बघतो काय, गाढवा? नाच की!"

मी भर रस्त्यात नाचलो. रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या, तसे आबाही नाचात शिरले. गृहस्थ कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडत होते, "रीळ न्हाई आत, पर थांबू नका!"

परतताना एसटीत मी कॅमेरा धरायला मागितला. आबांनी तो पोटाशी घेतला.

"तुझ्याकडं? न्हाई बाबा, पाडशील."