मोज्यांपर्यंतचं ऊन

नॉर्मन फेअरहर्स्टचा उभा जन्म काचेच्या भट्टीसमोर गेला, पण अंगावर भाजल्याचा एक डाग नव्हता. भट्टीपुढे जायचं तर बाह्या खाली, मान जरा तिरकी, आणि धग गालाला लागली की एक पाऊल मागे. हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. सेंट हेलेन्स या इंग्लंडातल्या काचेच्या कारखान्यांच्या गावात त्याच्या वयाचे निम्मे पुरुष असेच होते. आयुष्यभर आगीजवळ राहिले आणि रंगाने मात्र पिठासारखे पांढरे.

तो अबोल माणूस. त्याच्या वाट्याचं बोलणं त्याची बायको डोरीन बोलायची. दर जूनमध्ये दोघं स्पेनला जायची, समुद्राकाठच्या त्याच गावात, त्याच हॉटेलात. पासपोर्ट, तिकिटं, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं डोरीनच्या पर्समध्ये. बॅगा ओढणं तेवढं नॉर्मनकडे.

परत आलं की बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात हजेरी लागायची. तिथली एक रीत होती. सुट्टीवरून आलेल्याने बाही वर करून हात बारवर ठेवायचा, पॉलीनच्या हाताशेजारी. पॉलीन बार सांभाळायची आणि ताकासारखी पांढरीफटक होती. दोन हातांत फरक दिसला तर टाळ्या. नाही दिसला तर क्लबातला थट्टेखोर डेरेक ट्विस्ट म्हणायचा, "स्पेनला गेला होतास की स्पेनचा नकाशा बघून आलास?" नॉर्मन आणि डोरीन दोघं एकदमच हात ठेवायची. तिचा बदामी, याचा लालसर. एवढ्यावर त्यांचं वर्ष गोड व्हायचं.

डोरीन गेली आणि नॉर्मनने क्लब सोडला. मग बाजारात जाणंही कमी केलं. त्याची मुलगी लिंडसी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बापाचं हे असं आक्रसत जाणं तिला बघवेना. दुसऱ्या वर्षी तिने त्याच्या वाढदिवसाला तेच हॉटेल आणि तोच आठवडा ठरवून टाकला.

"डॅड, तू फक्त विमानात बस. पुढे सगळं आपोआप होतं."

"एकटा जाऊन काय करू?"

"आई असताना काय करायचास? खुर्चीत पडून राहायचास. तेच कर. आणि आल्यावर क्लबात जाऊन हात ठेव. डेरेक रोज विचारतो, माहितीय?"

शनिवारी सकाळी तिने त्याला विमानतळाच्या दारात सोडलं आणि ती कामावर गेली. आत काउंटरवर माणूस नव्हता, यंत्रं होती. यंत्राने विचारलं, प्रवासी किती? नॉर्मनचं बोट दोनवर गेलं. इतक्या वर्षांची सवय. यंत्राने दुसऱ्याचं नाव विचारलं. तो तिथेच उभा राहिला. नाव त्याला येत होतं, पण ते घालायचं कुठे आणि खोडायचं कसं, ते कळेना. मागून कोणीतरी सौम्यपणे म्हणालं, "अडकलं का हो? मी बघू?"

"नको. चुकलं माझं," असं म्हणून त्याने बॅग उचलली आणि बाहेर पडून परतीची बस धरली.

घरी आल्यावर त्याने पडदे ओढून घेतले. मागच्या खोलीत बसून डब्यातलं सूप आणि बीन्स खाल्ले. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. लिंडसीला फोन मात्र रोज केला.

"हवा कशी आहे, डॅड?"

"बरी आहे."

"समुद्रात गेलास का?"

"गुडघ्यापर्यंत."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस यायची. पोरीने किती आशेने पाठवलं होतं, आणि आपण एका यंत्राला घाबरून पळालो. हे तिला कळलं तर ती रागावणार नाही, याचीच त्याला धास्ती होती. ती फक्त मान हलवील आणि पुन्हा कधी काही ठरवणार नाही. म्हातारा आता कामातून गेला, असं मनातल्या मनात नोंदवून टाकील.

शुक्रवारी मोरीतल्या आरशासमोर त्याने बाही वर केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला घ्यायला विमानतळावर येणार होती. आणि हात हा असा पांढरा.

सेंट हेलेन्समध्ये फिश अँड चिप्सची जितकी दुकानं, तितकीच सनबेडची. स्पेनला जाण्याआधी बायका तिथे 'पाया घालायला' जात. कातडी रापवणाऱ्या दिव्यांच्या काचेच्या पेटीत थोडा थोडा वेळ पडायचं, म्हणजे कातडी आधीच तयार होते आणि पहिल्या दिवशी उन्हाने सोलून निघत नाही, असा सगळ्यांचा समज. डॉक्टर कितीही नाही म्हणोत, पाया तो पाया. डोरीनही घालायची आणि नॉर्मन बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. पेटी आतून त्याने कधी पाहिली नव्हती.

टोपी डोळ्यांपर्यंत ओढून तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेला. गल्ल्यावर शॅनन नावाची पोरगी होती, पॉलिश केलेल्या टेबलाच्या रंगाची.

"ये राजा. पाया घालायचाय ना? कधी निघतोस?"

"आलोय जाऊन," नॉर्मन बोलून गेला.

शॅननने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठून, तळघरातून?"

"म्हणजे उद्या. उद्या जायचंय."

"आणि पाया आज? लोक महिनाभर आधी येतात, राजा. पूर्वी कधी झोपलायस यात?"

"नेहमी झोपतो."

"दिसतंय तेच. गोळ्याबिळ्या काही चालू आहेत का? काही काही गोळ्यांवर हे चालत नाही."

रक्तदाबासाठी तो रोज सकाळी एक गोळी घ्यायचा. ती घेतली की सारखं लघवीला पळावं लागे. नातीच्या वयाच्या पोरीपुढे हे कसं बोलायचं? "काही नाही," तो म्हणाला.

"दिव्यांच्या नळ्या नव्या घातल्यात, जोरात लागतात, म्हणून थोडाच वेळ देते. आणि आज पुन्हा कुठल्या पेटीत झोपू नकोस हं."

खोलीत त्याने सगळे कपडे उतरवले. फरशी बर्फासारखी गार होती, म्हणून मोजे तेवढे ठेवले. डोळ्यांवर चिमुकला चष्मा लावून तो पेटीत आडवा झाला. वरचं झाकण खाली आलं आणि निळा उजेड पडला. नॉर्मन धगीची वाट बघत राहिला. धग लागली की हात काढायचा, एवढं तो जन्मभर शिकला होता. पण इथे पंखा चालू होता, वारा छान लागत होता. ज्या आगीला धग नाही तिच्यापासून मागे कसं सरायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेर येऊन आरशात पाहिलं तर तो होता तसाच पांढरा. फसवलं, त्याला वाटलं. दोन गल्ल्या सोडून दुसरं दुकान होतं. तिथली बाई फोनवर बोलत होती, तिने काहीच विचारलं नाही. तिथे तो मिळेल तितका पूर्ण वेळ पडून राहिला.

रंग संध्याकाळी चढला. आधी कातडी ढोलासारखी ताणली गेली, मग आग आग सुरू झाली. उजाडेपर्यंत छातीवर आणि पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठले होते. सदऱ्याचं कापड टेकलं तरी जीव जात होता. अशा वेळी शहाणा माणूस दवाखान्यात जाईल. नॉर्मनने दात आवळून सदरा घातला, बॅग घेतली आणि विमानतळाची बस पकडली. सगळी वाट उभ्याने काढली, कारण पाठ कशालाच टेकवता येत नव्हती.

येणाऱ्यांच्या दारापाशी तो खांबाआड थांबला. गवती टोप्या घातलेली, हसणारी, तांबूस माणसं बाहेर पडली तसा तो बाजूने त्यांच्यात शिरला. त्या गर्दीतून बॅग ओढत येताना तो लिंडसीला दिसला. ती आली आणि तिने त्याला मिठी मारली.

नॉर्मनच्या तोंडून असा आवाज निघाला की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. लिंडसी मागे सरली. त्याच्या सदऱ्यावर ओल पसरत होती. चेहरा शेंदरी झाला होता आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं होती.

"जरा जास्तच ऊन होतं," तो म्हणाला आणि तिथेच खाली कोसळला.

इस्पितळात कॉनी नावाची वयस्क परिचारिका होती. तिने कात्रीने सदरा कापला, ओल्या पट्ट्या घातल्या, सलाईन लावलं. पडद्याबाहेरून लिंडसी सांगत होती, "स्पेनला गेला होता. आत्ताच विमानातून उतरलाय." कॉनीने पाहिलं. पुढून भाजलेलं, मागून भाजलेलं, काखेत भाजलेलं, आणि पोहण्याची चड्डी जिथे असते तिथेही भाजलेलं. खाली नडगीवर एक सरळ रेघ, आणि रेघेखाली दोन पांढरीशुभ्र पावलं.

"लिंडसी, जाऊन चहा पिऊन ये," ती म्हणाली. पावलं दूर गेल्यावर खाली वाकून हळू बोलली, "नॉर्मन, ऊन एका वेळी एकाच बाजूने लागतं. आणि तुमच्या कागदांवर रक्तदाबाची गोळी लिहिलीय, ती चालू असताना हे म्हणजे जिवाशी खेळ. सनबेडवर कितीदा झोपलात?"

"दोन दुकानं," नॉर्मन उशीत तोंड घालून म्हणाला. "पोरीला सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण घरी गेल्यावर पाठीला मलम कोण लावणार?"

"शेजारी आहे एक."

"शेजाऱ्याला दाखवाल आणि मुलीला नाही?"

फोडांचं दुखणं सोसत होतं. पण वर्षानुवर्षं भट्टी सांभाळलेला माणूस नागडा होऊन दिव्यांच्या पेटीत भाजून आला, हे सोसत नव्हतं. इस्पितळात होता तोवर डॉक्टर येऊन गेला की तो चादर पावलांवर ओढून घ्यायचा. फोडांवर नाही, पावलांवर.

घरी आल्यावर लिंडसी रोज शाळेतून परस्पर यायची. तो पलंगावर पालथा पडायचा, ती पट्ट्या सोडवून हलक्या हाताने मलम लावायची. पहिले काही दिवस तिने स्पेनचा विषयच काढला नाही. शाळेतल्या गमती सांगायची, बटाट्याचा ट्रे कोणी पाडला वगैरे. नॉर्मन हूं हूं करायचा आणि पाय चादरीत लपवायचा. मग एक दिवस तिने चादर सरळ करायला ओढली आणि तिचा हात थांबला.

"डॅड, तू समुद्रकाठी मोजे घालून बसलास?"

"फरशी गार होती," नॉर्मन म्हणाला.

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. वाळूवर फरशी कुठली. मग उशीतूनच, तिच्याकडे न बघता, त्याने सांगून टाकलं. पडदे, सूप, शॅनन, दोन दुकानं. उलट्या क्रमाने सांगत सांगत तो त्या यंत्रापाशी आला.

"त्याने विचारलं किती जण. मी दोन दाबलं. मग मला पुढे जमलंच नाही, लिंडसी. एवढंच झालं. तू एवढं केलंस आणि मी त्याची माती केली."

लिंडसीने मलमाची डबी बंद केली. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"हॉटेलवाल्यांचा फोन आला होता, पाहुणे पोचले नाहीत म्हणून. मी धावत इथे आले तर पडदे ओढलेले, आणि मागच्या खोलीत दिवा. आहेस हे बघून जीव भांड्यात पडला. तू गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो म्हणालास ना, तेव्हा मी तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसले होते."

नॉर्मनने तोंड उशीत आणखी खुपसलं. आठवडाभर ती त्याचं खोटं ऐकत होती, वर विचारत होती, हवा कशी आहे. त्याला वाटलं, ते फोड परवडले.

"दार का नाही वाजवलंस?"

"तुला लाज वाटेल म्हणून." तिने डबीचं झाकण पुन्हा एकदा आवळलं. "मला वाटलं, शनिवारी हसतमुखाने घ्यायला जाईन, तू काहीतरी सांगशील, मी हो म्हणीन, संपलं. तू असं काही करशील हे डोक्यात आलं असतं तर दार तोडलं असतं. आणि मुळात तुला त्या दारात एकटं सोडून मीच निघून गेले. आत येऊन ते एक बटण मी दाबलं असतं तर?"

हात मागे करून त्याने चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. हात वळवल्याने खांदा उलला, तरी सोडलं नाही.

कातडी सुटायला, नवी यायला उन्हाळा गेला. डॉक्टरांनी पुढेही अंगावर ऊन घ्यायला मनाई केली आणि तीळ वगैरे दिसला तर लगेच या म्हणाले. पाठीवर ठिगळासारखे डाग राहिले ते राहिलेच.

पानं गळायच्या सुमारास लिंडसी त्याला हाताला धरून क्लबात घेऊन गेली. बातमी तिथे केव्हाच पोचली होती, सगळ्यांना सगळं कळलेलं. नॉर्मन आत शिरला आणि बोलणी थांबली. कोणी हात ठेव म्हणालं नाही. पॉलीनने न विचारता त्याचा ग्लास भरला. डेरेकने हवापाण्याच्या गप्पा काढल्या, इतक्या जपून की नॉर्मनच्या कानशिलांपर्यंत आग चढली. चेष्टेची भीती त्याला इतके दिवस होती. चेष्टा न होण्याची भीती त्याने धरलीच नव्हती. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसे सगळे बोलत होते.

तो निमूट अर्धा ग्लास प्यायला. मग खाली वाकून त्याने डाव्या पायाचा बूट सोडला, मोजा उतरवला, आणि विजारीचा पाय गुडघ्याखाली धरून उभा राहिला. नडगीवर रेघ अजून स्पष्ट होती. वर तपकिरी डाग, खाली दूध.

डेरेकने चष्मा नाकावर चढवून ती रेघ नीट न्याहाळली.

"मधे मोजा राहिला नसता," तो शेवटी म्हणाला, "तर काम एकसारखं झालं असतं."

पॉलीन तोंडावर फडकं धरून वळली. मग सगळेच हसायला लागले, आणि बराच वेळ हसत राहिले. नॉर्मन लालेलाल होऊन मोजा चढवत होता. तो घाईघाईने उलटाच चढला. लिंडसीने ते पाहिलं आणि बूट उचलून त्याच्यापुढे धरला.