डाव्या खिशातलं पिवळं कार्ड

अजिनाथला लाल कार्ड मीच दाखवलं. त्याचं मला काई वाटत न्हाई, ते खरंच होतं. जे वाटतं ते पुढं सांगतो, अन् ऐकून मला काय शिव्या घालायच्यात त्या घाला.

मी आसाराम. तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं स्टँडवर माझं शिलाईचं दुकान हाय. नवरात्रात गावात कबड्डीचे सामने असतेत, अन् वीस वर्षं झाली, पंच मीच असतो. पंचाचा पांढरा शर्टबी मीच शिवलाय. उजव्या खिशात लाल कार्ड, डाव्यात पिवळं. लाल म्हंजे गडी मैदानाबाहेर, पिवळं म्हंजे दोन मिनिटं बसा अन् या परत. ऐन टायमाला हात चुकू नये म्हणून खिसे मापून शिवले होते.

अजिनाथ आमच्या खालच्या आळीच्या संघाचा डावा कोपरा. बुटका गडी, बोलायला गेलं तर तीन शब्दांच्या वर न्हाई. दसरा झाला की ट्रक यायचा अन् हा बायको मंगलसंगं सहा महिने ऊस तोडायला जायचा. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतेत. एकट्याला कुणी इचारत न्हाई. बाकीचं वर्षभर अजिनाथला तरी कोण इचारत होतं? पण नवरात्राचे नऊ दिवस त्याचे. समोरच्या गड्यानं चढाईत पाय लांबवायचा अवकाश, यानं घोटा धरलाच! त्याची आई भिवराबाई म्होरच्या रांगेत बसायची अन् शेजारणीला ढोसून सांगायची, "ह्यो माझा!" जसं काय बाकीच्यांला ठाऊकच नव्हतं. सामन्याआधी अजिनाथ मातीला हात लावायचा, मग माझ्या पाया पडायचा. "खेळतो, आप्पा," एवढंच म्हणायचा.

गेल्या साली नेकनूरच्या संघाशी सामना होता. त्यांचा गडी हातातून सुटायला लागला तसं अजिनाथनं दोन्ही पाय घातले अन् त्याच्या पायाला कात्री मारली. हातानं धरा, अंगानं रेटा, पण पायाची कात्री कबड्डीत चालत न्हाई. माणसाचा गुडघा जातो. तो गडी महिनाभर प्लास्टरमध्ये होता. माझा हात सरळ उजव्या खिशात गेला. अजिनाथ उठला, पाया पडला, "चुकलं, आप्पा," म्हणला अन् खाली मान घालून बाहेर गेला. सामन्यांच्या समितीनं पाच वर्षं खेळबंदी घातली. एकतीस वर्षांच्या गड्याला पाच वर्षं म्हंजे जन्माचीच की! पण गाव म्हणलं, नियम म्हंजे नियम. अन् सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणलो.

यंदा अजिनाथ दोरीच्या बाहेर उभा राहून बघत होता. त्याचा चुलत भाऊ परमेश्वर चढाईला गेला. समोर वरच्या आळीचा संघ, कोपऱ्यात सुरज. सुरज म्हंजे बद्रीनाथरावांचा पोरगा, अन् बद्रीनाथराव म्हंजे समितीचे अध्यक्ष, गावचे पुढारी, सगळंच. परमेश्वर निसटायला लागला अन् सुरजनं कात्री मारली. तीच. अगदी तीच. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

मी शिट्टी वाजवली. मग स्टेजकडं बघितलं. कावून बघितलं? देव जाणे. बद्रीनाथराव खुर्चीत बसून पान चघळत होते. मान हलवली न्हाई, डोळा मारला न्हाई, कुणाला धाडून दम दिला न्हाई. दिला असता तर लई बरं झालं असतं, मला सांगायला तरी झालं असतं. कुणी काईच म्हणलं न्हाई, अन् माझा हात डाव्या खिशात गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात नुसता कालवा. दुकानात रोज बसणाऱ्या सिदूनं मोबाईलवर दोन्ही सामने काढले अन् हळूहळू चालवून सगळ्यांला दाखवायला लागला.

वरच्या आळीचा धोंडीराम म्हणला, "सुरजचा पाय ओघात गेलाय. अजिनाथनं मुद्दाम घातलता."

"पायाच्या मनात काय हाय ते तुला कसं कळलं बे?" सिदू तडकला. "ह्याचा बाप स्टेजवर, त्याचा बाप मेलेला, एवढाच फरक हाय. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं!"

"मग काय दोघांलाबी सोडायचं?"

"सोडायचं तर दोघांला सोडा, बसवायचं तर दोघांला बसवा. एकाला पाच वर्षं अन् एकाला दोन मिनिटं, ह्यो कुठला हिशोब?"

मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. "आप्पा, तुमी कावून गप?"

"बाही जोडायलोय, दिसंना का?" मी खेकसलो. बाही उलटी जोडली गेली होती.

वरडा वाढला तसं बद्रीनाथरावांनी दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांला पारावर बोलावलं. माणूस लई गोड. अजिनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "तुझी बंदी आत्ता उठवू. पुढच्या साली कप्तानबी तूच. फक्त गावासमोर एवढं सांग, सुरजच्या पकडीत खोट नव्हती. कोपऱ्याचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

भिवराबाई मागून पदर तोंडाला लावून कुजबुजली, "म्हण की रे. म्हण की."

 अजिनाथ बोलला, अन् तीन शब्दांच्या वर बोलला. "माझी कात्रीच व्हती. ह्याचीबी कात्रीच हाय. मी हो म्हणलो तर परमेश्वरच्या मोडल्या पायाला काय सांगू?" मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. "आप्पाला इचारा. आप्पा खोटं बोलत न्हाईत."

सगळा पार माझ्याकडं बघायला लागला. बद्रीनाथराव हसत म्हणले, "बोला पंच."

एका शब्दाचं काम होतं. कात्री. शेंडी तुटो का पारंबी, म्हणून टाकायचं होतं. मला काय कुणी फाशी देत होतं? पण जीभ भलतंच बोलली.

"ओघात झालं," मी म्हणलो.

सिदू पचकन थुंकला अन् निघून गेला. "झालं तर मग," बद्रीनाथराव म्हणले, "अजिनाथची पाच वर्षं ती पाचच." भिवराबाई रडली न्हाई. पोराचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. परमेश्वर पायात रॉड घालून घरी पडलेला, म्हणून त्याची बायको सुनिता एकटीच निघाली होती. अर्धा कोयता मुकादम घेईना. अजिनाथ म्हणला, "आमच्यात धरा, तिच्या वाटचं मीबी तोडतो." ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. मग रिवाजाप्रमाणे अजिनाथ थोरामोठ्यांच्या पाया पडत निघाला. आई, परमेश्वरचे वडील, शेजारची केशरबाई, धोंडीरामसुद्धा. हो, धोंडीरामच्यासुद्धा पाया पडला तो.

मी रांगेत शेवटी उभा होतो. वीस वर्षांची सवय. तो जवळ आला तसा माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला आपसूक वर उठला.

अजिनाथ माझ्यापुढं थांबला. वाकला न्हाई. परक्या पाहुण्याला करतेत तसे दोन हात जोडले.

"रामराम, पंचसाहेब," म्हणला अन् ट्रकमध्ये चढला. माझा हात तसाच वर राहिला होता.