मंडळीपुढे मी काय बोललो

एकोणसत्तर साली मी कॅनडाला निघालो तेव्हा नागपूर स्टेशनवर मला सोडायला दोघीच आल्या होत्या. माझी सुशीलाआत्या आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मार्थाबाई. मी चार वर्षांचा असताना आई वारली, बाबांची नोकरी फिरतीची. मला नागपूरच्या सदर भागातल्या दोन खोल्यांत या दोघींनी वाढवलं. आत्या शाळेत शिकवायची, मार्थाबाई नर्स. गाडी हलली तशी आत्या खिडकीसोबत चालत म्हणाली, "पोचल्यावर पत्र टाकजो गा. अन् चर्च सोडू नको."

चर्च सोडलं नाही. टोरांटोच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी एकटाच हिंदुस्थानी. पहिल्या हिवाळ्यात मंडळीतल्याच रॉबर्टनं मला दुकानात नेऊन धड कोट घ्यायला लावला. तो गायनमंडळात गायचा, अॅलनबरोबर राहायचा. त्यांच्या टेबलावर मी कितीतरी रविवारी जेवलो.

पंधरा वर्षांनी त्या दोघांनी पाळकांना विनंती केली, की लग्न लागल्यासारखा आम्हाला चर्चमध्ये आशीर्वाद द्या. कायद्यात तसं लग्न नव्हतंच. तीन रविवार उपासनेनंतर बेसमेंटमध्ये कॉफी घेत चर्चा चालली. कोणी विरोधात बायबलमधली पौलाची पत्रं वाचून दाखवली. एक म्हातारी म्हणाली, "माझं लग्न याच चर्चमध्ये लागलं. नवरा रोज मारायचा. या दोघांचं घर मी पाहिलंय." एका डॉक्टरांचं म्हणणं, माणसांवर प्रेम करा, पण नियम बदलू नका. आवाज कोणी चढवला नाही. मग मी उठलो. "आमच्या देशात असलं काही नसतं," असं म्हणालो आणि ठरावावर मतं घेतली तेव्हा विरोधात हात वर केला. ठराव पडला. ते दोघं पुन्हा चर्चला आले नाहीत.

हे सगळं मी आत्याला कळवलं, थोड्या ऐटीतच. दर महिन्याला येणारं तिचं पत्र थांबलं.

पुढच्या वर्षी नागपूरला गेलो. जेवणं झाली, मार्थाबाई भांडी घेऊन मोरीकडे गेल्या, तेव्हा आत्या म्हणाली, "त्या पोरांनी तुले जेवू घातलं ना? मंग काहून हात वर केला?"

"आत्या, शास्त्रात..."

"शास्त्र मीच शिकवलं तुले." तिनं मोरीकडे, मार्थाबाईंच्या पाठीकडे पाहिलं. "इतकी वर्षं झाली आम्हाले. इथं कोणी विचारलं नाही म्हणून निभलं. विचारलं असतं तर मंडळी काय म्हणाली असती, ते तुझ्या पत्रातून समजलं."

त्या घरात मी वाढलो, आणि मलाच कधी काही दिसलं नव्हतं.

त्या रविवारी नागपूरच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला परदेशाविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. माझी चूक सगळ्यांसमोर कबूल करायची, असं मी ठरवलं. आत्यानं ते ओळखलं. "आमचं नाव घेऊ नको," ती चर्चला निघतानाच म्हणाली. "तू परत जाशील. आम्हाले इथंच राहाचं हाये." मी तिकडच्या थंडीबद्दल बोललो आणि खाली बसलो.

टोरांटोला परतल्यावर रॉबर्टच्या दारात उभा राहिलो. अॅलननं आत घेतलं, चहा दिला. रॉबर्ट आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. पुढच्या रविवारी तिथल्या मंडळीसमोर, मला कोणी वाढवलं ते सांगितलं. काही लोकांनी हात हातात घेतला, काहींनी नजर चुकवली. तो ठराव पुन्हा मांडला गेला नाही.

आता दोघी नाहीत, म्हणून तुम्हा नागपूरच्या आणि नागपूर सोडलेल्या माणसांना हे लिहितो. सदरच्या त्या खोल्यांत दुसरं कुटुंब राहतं. मी गेलो की हॉटेलात उतरतो. इथे टोरांटोत माझ्या मुली विचारतात, बाबा, तुम्ही लहानाचे मोठे झालात ते घर कोणाचं? बरीच वर्षं मी सांगत आलो, माझ्या आत्याचं. आता सांगतो, सुशीला आणि मार्थाचं.