कठड्याला बांधलेली दोरी

बातमी माझ्याच टेबलावर आली. झाशीच्या एका हिंदी दैनिकात मी उपसंपादक आहे. तालुक्यांतून येणारा मजकूर कापून, तासून पानात बसवणं हे माझं रोजचं काम. त्या दुपारी एका वार्ताहरानं पाच ओळी पाठवल्या. धरणाच्या दरवाजाची पाहणी करताना गोताखोराचा, म्हणजे पाणबुड्याचा मृत्यू, मृतदेह बाहेर काढला, सुरक्षेची दोरी काठावर मजबूत बांधलेली होती असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. नाव नव्हतं. मी नाव विचारलं आणि ते येईपर्यंत शेवटचं वाक्य जरा नीट केलं. दहा मिनिटांनी नाव आलं. श्रीधर... माझा आतेभाऊ. मी नाव घातलं, मजकूर पुढे पाठवला आणि मग उठले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी नीट केलं होतं तसंच छापून आलं. आज सहा आठवडे झाले. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि माझा सगळा संताप त्यावरच आहे.

झाशीपासून समुद्र कोणत्याही दिशेनं जा, लांबच. आमची दोन घरं दतिया गेटपाशी, शेजारी शेजारी. तिथल्या बावडीत, पायऱ्यांच्या विहिरीत, श्रीधरदादा पोहायला शिकला आणि शिकल्यावर पोहायचं सोडून बुडी मारायला लागला. तळाशी पडलेली घागर, लोटा, एकदा कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सगळं त्यानं वर आणलं. शेजारचे शर्माजी त्याच्या वडिलांना म्हणायचे, "पंडिज्जी, लरका तो तुमाओ मेंढक हो गओ." वडील शांतपणे मराठीत उत्तर द्यायचे, "बेडूक निदान श्वास घ्यायला वर येतो." त्यांना मुलगा रेल्वेत चिकटायला हवा होता. तो कोकणच्या किनाऱ्यावर गेला, पाणबुड्यांचं रीतसर शिक्षण घेतलं आणि तीस वर्षं पाण्याखाली काम करत राहिला. धक्क्यांचे खांब, पुलांचे पाये, बुडालेल्या जहाजांचे पत्रे. नंतरच्या काळात जुन्या बंदरांचा शोध घेणाऱ्या संशोधकांबरोबर दगडी नांगर आणि वाळूत गाडलेल्या भिंती. सुट्टीवर आला की मोठ्यानं बोलायचा, कारण एक कान कायमचा अधू झाला होता. खाली गेल्यावर सगळ्यांत आधी लाल रंग नाहीसा होतो, हे त्यानंच मला सांगितलं. बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं, म्हणाला. आत्या ओरडली, "जेवताना बोलायच्या गोष्टी आहेत का या?"

त्याच्या कामातली एकच गोष्ट मी स्वतः हातात धरून पाहिली आहे. एकदा त्याच्याकडे गेले असताना एका धक्क्यावर त्यानं मला दोरी दिली. गढूळ पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगाला एक दोरी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात असतं. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. चार म्हणजे मला वर ओढ. तो धक्क्याला लागूनच, दोन पुरुष खोल पाण्यात होता आणि मला त्याची प्रत्येक हालचाल तळहातात कळत होती. कुठे वळला, कुठे थांबला, कशाला धरून राहिला. वर आल्यावर मी म्हणाले, "एवढी जपून धरायची तर ही खुंटीला का बांधत नाहीस? सुटणार तरी नाही." त्यानं मास्क काढला. "खुंटीला बांधलेली दोरी म्हणजे प्रेत शोधायची सोय," तो म्हणाला. "जिवंत माणसाला वर हात लागतो."

निवृत्त होऊन तो झाशीला परतला तो आरामासाठी नव्हे. शहरापासून तासाभरावर बेतवा नदीवर एक धरण आहे. त्याच्या पाण्याखाली एक गाव गेलेलं आहे. तिथले म्हातारे अजून आसपासच्या वस्त्यांतून राहतात. दादानं त्या गावाचा नकाशा करायला घेतला. दर हिवाळ्यात, पाणी त्यातल्या त्यात निवळलेलं असताना, तो उतरायचा आणि हातानं चाचपून पायऱ्या, चौथरे, भिंती मोजायचा. म्हातारे काठावर येऊन बसायचे. एकानं विचारलं, "दादा, हमाओ कुआँ बचो है का?" दादा म्हणाला, "बचा है बब्बा, पानी भी बहुत है उसमें." म्हातारा इतका हसला की खोकत बसला. धरणाच्या कार्यालयाला या नकाशात रस नव्हता, पण घरबसल्या एक तयार पाणबुड्या मिळाला होता. दरवाजाच्या जाळीत झाडं अडकली, बोलवा श्रीधरजींना. विसर्जनात कोणी बुडालं, बोलवा श्रीधरजींना. तो जायचा. दरवर्षी त्याला शाल आणि नारळ मिळायचा. दोरीवर प्रशिक्षित माणूस ठेवा आणि पाणबुड्या खाली असताना त्या माणसाला दुसरं कोणतंही काम सांगू नका, एवढा नियम कागदावर आणा, असे अर्ज त्यानं तीन वेळा दिले. उत्तर तोंडी मिळालं. "अरे, आप तो ख़ुद एक्सपर्ट हैं. आपको क्या नियम!"

म्हणून माणूस त्यानं स्वतःच घडवला. रामसेवक नावाचा, चाळिशीचा, धरणावर रोजंदारीत होडी चालवणारा. सुरुवातीचे कित्येक आठवडे दादानं त्याला डोळे मिटून नुसती दोरी धरायला लावली आणि दुसऱ्या टोकाला स्वतः काठावरच झाडामागे उभा राहून झटके दिले. "जौ मछरी है, के हम हैं, के पानी है?" असं बुंदेलीत विचारायचा आणि चुकलं की चहा रामसेवकानं पाजायचा. उतरण्यापूर्वी तो दोरी रामसेवकाच्या हातात ठेवून विचारी, "किसके हाथ में हूँ?" रामसेवक म्हणे, "हमाए हाथ में, दादा." त्यानं हे म्हटल्याशिवाय दादा पाण्यात पाय घालत नसे.

आता माझ्या वाट्याचं लिहिते. चार वर्षांपूर्वी मी दादावर आमच्या रविवारच्या पुरवणीत पानभर लेख लिहिला. मूळ मजकुरात रामसेवकावर एक परिच्छेद होता. जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि मी तो परिच्छेद काढला. छायाचित्र उभं बसत होतं, म्हणून कडेचा दोरी धरलेला माणूसही कापला. मथळा दिला, 'अकेला गोताखोर'. सकाळी सातला दादाचा फोन आला. रागावलेला आवाज त्याआधी मी कधी ऐकला नव्हता. "एकटा कोण? रामसेवक कुठे गेला?" मी जागेचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "तुला जागा नव्हती. मला तो नसला तर श्वास नसतो. एकटा पाणबुड्या म्हणजे बुडालेला माणूस, एवढं लक्षात ठेव." मी चूक सुधारून छापायला हवी होती. कोणाचं नुकसान झालं आहे, असं तेव्हा वाटलं नाही. लेखाचं कौतुक खूप झालं.

दादा गेला त्या दिवशी काय झालं, ते मला पुढे रामसेवकाकडून कळलं. धरणावर एक बडे पाहुणे बागेचं उद्घाटन करायला येणार होते. सकाळी एका दरवाजातून पाणी झिरपताना दिसलं. पाहुण्यांसमोर ते बरं दिसणार नाही म्हणून दादाला बोलावलं गेलं. तो रामसेवकाला घेऊन गेला, नेहमीसारखा विचारून उतरला. आणि तो खाली असताना तिथल्या साहेबांनी बागेतून रामसेवकाला हाक मारली. फुलांच्या टोपल्या पलीकडच्या काठावरून आणायच्या होत्या आणि होडी चालवणारा तोच होता. त्यानं हातातली दोरी दाखवली. "अरे, बाँध दे कहीं. पाँच मिनट का काम है," साहेब म्हणाले. रोजंदारीवरच्या माणसाला साहेबांची दुसरी हाक ऐकायची हिंमत नसते. त्यानं दोरी लोखंडी कठड्याला बांधली. नावाड्याची गाठ, सुटणारी नव्हे. पाच मिनिटांचा तास झाला.

पंधरा दिवसांनी मी तो कठडा पाहून आले. सगळीकडे जुना हिरवा रंग आहे. फक्त जिथे गाठ होती तिथे रंगाचे पापुद्रे उडालेले आहेत आणि बोटभर लोखंड उघडं पडलं आहे. खाली जाळीशी पाण्याच्या ओढीनं दादा अडकला होता. त्याच्या पाठीवरची हवेची टाकी पूर्ण रिकामी सापडली. म्हणजे टाकीतली हवा संपेपर्यंत तो जिवंत होता आणि दोरी ओढत होता. किती वेळा, हे त्या कठड्यालाच ठाऊक.

चौकशीचा अहवाल दहा पानांचा आहे. त्यात म्हटलं आहे की सुरक्षेची दोरी काठावर मजबूत बांधलेली आढळली. गोताखोर अनुभवी होते आणि कोणाच्याही मदतीशिवाय, एकट्यानं उतरण्याची त्यांची सवय सर्वज्ञात होती. दुर्घटना त्यांच्या वैयक्तिक निर्णयामुळे घडली. सवयीच्या पुराव्यादाखल एक जोडपत्र लावलं आहे. ते माझ्या लेखाचं कात्रण आहे. 'अकेला गोताखोर'. शेजारी कापलेलं छायाचित्र.

दादाची मुलगी मुक्ता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातलं मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीत जाते. अहवाल तिनंच माझ्यापुढे टाकला. "आत्या, हे तू लिहिलं ना? अब तू ही काट." तिला एकच गोष्ट हवी होती. वडील स्वतःच्या चुकीनं मेले, हे वाक्य सरकारी कागदावरून जायला हवं. हरकत नोंदवायला आठच दिवस उरले होते आणि काठावर त्या वेळी काय झालं, हे सांगणारा माणूस एकच होता. तो त्या दिवसापासून घरी फिरकला नव्हता. तेराव्यालाही नाही.

मी त्याच्या वस्तीवर गेले नाही. पोटावर पाय देऊन साक्ष मागायची नसते, हे या धंद्यात मी शिकले आहे. मी माझ्या मूळ लेखातला काढलेला परिच्छेद चार वर्षांनी, चुकीची कबुली देऊन, छापला. त्यात लिहिलं की श्रीधर कधीही एकटे उतरत नसत, दोरी रामसेवक यांच्या हातात असे. संपादक म्हणाले, इतकी जुनी चूक कोण सुधारतं? मी म्हणाले, ज्याच्या चुकीची जोडपत्रं होतात, तो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामसेवक तो अंक घडी करून खिशात घालून दारात उभा होता. बसला नाही. मुक्तानं लॅपटॉप उघडला. त्यानं सगळं सांगितलं, साहेबांचं नाव, त्यांचे शब्द. ती भराभर टाइप करत होती. मग तो तिला म्हणाला, "बिन्नू, एक बात और लिखो. गाँठ हमने बाँधी ती."

मुक्ताची बोटं थांबली. हे तिला माहीत नव्हतं. मला कठडा पाहिल्यापासून संशय होता, पण मी बोलले नव्हते.

"ये मत लिखवाओ, भैया," ती म्हणाली. "सब तुम पे डाल देंगे."

"डार दें. नईं लिखहो तो कैहें दादा ने खुदई बाँधी. ऊ आदमी ने कभऊँ खूँटा से दोरी नईं बाँधी."

दोरी वडिलांनीच बांधली असं कोणी म्हणू नये, म्हणून तिनं ते वाक्य लिहिलं. त्याच्या वर साहेबांचं वाक्य, खाली याचं. रामसेवकानं सही केली. हरकत दाखल झाली, पोच मिळाली, उत्तर अजून नाही. दुसऱ्या दिवसापासून रामसेवकाला धरणावर येऊ नको म्हणून सांगितलं आहे. त्याचं कारणही कोणी कागदावर दिलेलं नाही.

दादाच्या खोलीत मी काल मुक्ता आणि रामसेवकाबरोबर बसून आले. कोपऱ्यात दुसरी टाकी उभी आहे. कामावर जाताना तो नेहमी दोन न्यायचा, एक पाठीवर, एक काठावर, अडचणीत वापरायला. आदल्या संध्याकाळी दोन्ही त्यानं स्वतः भरल्या होत्या. पोलिसांनी हिला हातही लावला नाही, कारण ती वापरलीच गेली नव्हती. त्या सकाळी ती कठड्यापासून दहा पावलांवर उभी होती. रामसेवक म्हणाला, भरलेली टाकी अशी घरात ठेवू नये, हवा सोडून देतो. मुक्तानं त्याचा हात धरला. मी वाकून हवेचा काटा पाहिला. टाकी भरलेली आहे.