शेऱ्याखालचे आभार

गाव सोडलं तेव्हा मी पाचवी पास झाले होते आणि पिकअपमध्ये ड्रायव्हर आणि नाना यांच्या मधल्या जागेत बसले होते. नाना म्हणजे माझे वडील. मागे टोमॅटोची कॅरेट रचलेली होती आणि माझ्या कपड्यांची पिशवी शेवटच्या कॅरेटवर दोरीने बांधली होती. आई रस्त्यापर्यंत आली. तिने पिशवीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "मावशीकडं काम सांगायची वाट बघू नको. आपलं आपण उठायचं." मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. पण टोमॅटोच्या झाडांनी तिचे हात हिरवे-काळे झाले होते आणि माझा ड्रेस नवा होता. तिने हात मागेच धरले.

आमचं गाव घोटीच्या अलीकडे. भात, आणि पाणी असेल तिथे टोमॅटो. नाशिक काही लांब नाही, हे मला आता कळतं. तेव्हा विल्होळीचा उतार लागून शहर दिसायला लागलं तशी मी मागे वळून पिशवी जागेवर आहे का ते पाहिलं. आधी मार्केट, मग शाळा, असा नानांचा बेत होता. मार्केटमध्ये व्यापाऱ्याने आमच्या रांगेतलं एक कॅरेट उचललं आणि सरळ जमिनीवर पालथं केलं. वरचे लाल, एकसारखे टोमॅटो खाली गेले, तळाचे वर आले. त्यात काही चिरलेले होते, काही हिरवट.

मी घाबरून विचारलं, "नाना, त्यानं सांडलं का?"

"सांडलं नाय. तळाचा माल बघतोय."

"का?"

"वरचा थर समदेच चांगला लावत्यात," नाना म्हणाले आणि खाली बसून टोमॅटो परत भरायला लागले.

तिथून आम्ही शाळेत गेलो. खाजगी, इंग्रजी माध्यमाची, मोठी शाळा. फाटकावर पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स होता. नाना त्याच्याखाली टोपी हातात घेऊन उभे राहिले. "लय मोठी शाळा हाय, रूपे. कमी पडायचं नाय," एवढंच म्हणाले. आत जाऊन त्यांनी काही विचारलं नाही. काय विचारायचं असतं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

प्रवेश परीक्षेत मी पास कशी झाले, ते सांगायला हवं. गावातल्या गुरुजींनी माझ्याकडून तीन इंग्रजी निबंध पाठ करून घेतले होते. त्यातला एक आला. अक्षर चांगलं होतं. शाळेला वाटलं, हिला इंग्रजी येतं. नानांना वाटलं, शाळेला वाटतंय म्हणजे येतच असेल. मलाही काही दिवस तसंच वाटलं.

सहावीच्या पहिल्या आठवड्यात ते संपलं. विज्ञानाच्या मॅडम बोलायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मुलं हसली की मी अर्धा क्षण उशिरा हसायचे. गणित मला गावात आवडायचं, पण इथे प्रश्न काय आहे तेच कळेपर्यंत फळा पुसलेला असायचा. मग डायरीत शेरे यायला लागले. सगळे इंग्रजीत, लाल पेनाने, खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. महिन्यातून एखाद्या रविवारी नाना सातपूरला मावशीकडे यायचे, तेव्हा सही घ्यायची. पहिला शेरा असा होता की मुलीला वर्गाबरोबर येता येत नाही, पालकांनी भेटावे.

नाना पलंगाच्या कडेला बसले होते. म्हणाले, "वाच. काय म्हणत्यात बाई?"

मावशी आत पोळ्या लाटत होती. मी डायरी हातात धरली आणि म्हणाले, "बाई म्हणतात, मुलगी खूप मेहनती आहे."

नानांनी पेन मागितलं. संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं. मग थोडा विचार केला आणि त्याच्यावर लिहिलं, 'आभारी आहे.' कुणी आपल्या मुलीचं कौतुक केलं तर आभार मानायला हवेत, असं त्यांना वाटलं असणार.

त्यानंतर प्रत्येक शेऱ्याखाली नानांनी आभार मानले. गृहपाठ अपूर्ण. आभारी आहे. इंग्रजी वाचनात फार मागे. आभारी आहे. एकदा वर्गशिक्षिकेने मला जवळ बोलावून विचारलं, "तुझे वडील चेष्टा करतात का?" मी नाही म्हणाले. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मला अजून वाटतं, त्यांना कळलं होतं आणि पुढे काय करावं ते त्यांनाही सुचलं नाही. मी पण दुसरं काही सांगितलं नाही. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, म्हणून मी वर सरकत राहिले.

नववीत मावशीने मला घराजवळच्या सेमी इंग्रजी शाळेत घातलं. कारण सगळ्यांना सांगितलं ते बसचं: फार लांब पडतं, पोरगी दमते. ती शाळाही खाजगीच, पण तिच्या फाटकावर फक्त नाव होतं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तिथले गणिताचे सर 'समजलं का?' असं विचारायचेच नाहीत. "कुठपर्यंत समजलं?" असं विचारायचे, आणि जिथे बोट ठेवशील तिथून पुढे सांगायचे. पहिल्यांदा मी बोट ठेवलं ते सातवीच्या पुस्तकातल्या एका पानावर. ते हसले नाहीत. आज मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि त्याचं श्रेय नाना इतकी वर्षं त्या फ्लेक्सवाल्या शाळेला देत आले.

हे सगळं आता लिहिते आहे, कारण यंदा कोमल पाचवी पास झाली. कोमल माझी धाकटी बहीण. ती माझ्यासारखी नाही. गावच्या शाळेत ती दिलेलं गणित आधी संपवते आणि मग बाई तिला तिसरीच्या मुलांना पाढे शिकवायला बसवतात. वर्षभर तिने तेच केलं. तिला अवघड काहीतरी हवं आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. नानांनी तर ठरवूनच टाकलं होतं. "रूपीला जमलं, कोमलला बी जमंल. त्याच शाळेत घालू. फॉर्म भरून टाक."

प्रॅक्टिकल, सबमिशन, हॉस्टेलची मेस यातून वेळ काढून मी दोन वेळा त्या शाळेची वेबसाइट उघडली आणि दोन्ही वेळा बंद केली. मी थकले होते. इंग्रजीची आता सवय झाली आहे. पण घरचं शहराला आणि शहराचं घरी सांगत राहणं, आणि दोन्हीकडे थोडं थोडं चांगलं करून सांगणं, याने माणूस आतून शिणतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गावाबाहेर शिकायला आले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे गावातच राहिले, त्यांना आम्ही हे कधी सांगितलंच नाही.

मे महिन्यात मी घरी गेले. पडवीत टोमॅटोची प्रतवारी चालली होती. नाना आणि आई कॅरेट भरत होते. कोमल माझ्या जुन्या डायऱ्या घेऊन बसली होती. सातबाऱ्याचे कागद ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत नानांनी माझ्या तीन वर्षांच्या डायऱ्या जपून ठेवल्या होत्या. तिला दाखवायला त्यांनीच काढल्या होत्या.

कोमल माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, इथं नॉट लिहिलंय. नॉट म्हणजे नाही ना?"

"हो."

"आणि हिथं पण हाय नॉट. मग नानांनी आभार का मानले?"

तिने दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. मी तिला गप्प बसवू शकले असते. पण मग ती सहावीत जाणार, तिच्याही डायरीत काहीतरी येणार, आणि कसं वाचायचं ते तिने माझ्याकडूनच शिकलेलं असणार.

मी उठून नानांसमोर जाऊन बसले. म्हणाले, "नाना, मी तुम्हाला डायरी खोटी वाचून दाखवायची." आणि मग पहिल्या पानापासून वाचली, जशी लिहिली होती तशी, मराठीत. नानांचे हात चालू होते. लाल एका बाजूला, पिवळट एका बाजूला. तिसऱ्या-चौथ्या शेऱ्याला हात थांबले.

"म्हंजे तीन वर्षं तू मला वरचाच थर दाखवला."

"हो."

"आन मी खाली आभार लिहित बसलो." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "त्या बाई काय म्हणत असतील गं? येडा हाय म्हणत असतील."

तेव्हा आई बोलली. ती इतका वेळ खाली मान घालून कॅरेट भरत होती. "पोरगी दिवाळीला यायची तर जेवताना ताटाच्या बाहेर बघायची नाय. चांगलं चाललेलं पोर असं बसतं व्हय? तिनं वरचा थर दाखवला, पण तुम्ही तरी पालथं कुठं केलं?"

नानांनी आईकडे बघितलं. "तुला माहीत होतं, तर तू का नाय बोलली?"

"मला काय वाचता येतं?" आई म्हणाली आणि पुढचं कॅरेट ओढलं.

जेवायला बसलो तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "दोन्ही शाळा बघू. या बारीला मी इचारीन."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. उलट नवीन काळजी लागली. मला ज्या शाळेने सावरलं, ती कोमलला सोपी पडली तर? मी जिथे बुडाले, तिथे ती कदाचित पोहली असती. मी बुडाले म्हणून तिला पाण्यातच उतरू न देणं, हेही एक प्रकारे खोटंच वाचणं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात नाना, कोमल आणि मी, आम्ही तिघं उन्हात फिरलो. आधी मोठ्या शाळेत. फ्लेक्सवर नवीन फोटो होते. आत एका मॅडमनी ऑलिम्पियाड, फाउंडेशन, रोबोटिक्स असं सगळं नीट समजावून सांगितलं. आवाज चांगला होता, घाई नव्हती. त्यांचं झाल्यावर नाना म्हणाले, "मॅडम, तुमच्या सहावीत सगळ्यात मागं जी पोरगी असंल, तिची वही बघायला मिळंल का?"

पूर्वीची मी असते तर जमीन दुभंगावी असं वाटलं असतं. मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, असं आम्ही दाखवत नाही. टॉपर्सची लिस्ट दाखवू का?"

"ती भाईरच लावलीय," नाना म्हणाले. "बघितली."

मग मावशीच्या घराजवळच्या, माझ्या दुसऱ्या शाळेत. मुख्याध्यापिका नवीन होत्या. नानांनी तोच प्रश्न विचारला. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "काय करता आपण?"

"टमाटा."

त्या उठल्या, कपाटातून एक वही आणली, नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि टेबलावर ठेवली. वहीत एकच गणित तीनदा सोडवलेलं होतं. तिन्ही वेळा चुकलेलं. पण प्रत्येक वेळी पेन्सिलीने एक रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'इथपर्यंत बरोबर.' आणि ती रेघ प्रत्येक वेळी थोडी खाली गेली होती. नानांना गणित कळलं नसेल. रेघ खाली सरकलेली मात्र त्यांना दिसली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

मी विचारलं, "मॅडम, हिला फार सोपं नाही ना जाणार? ही पटकन कंटाळते." बाईंनी गणिताच्या सरांना बोलावलं. तेच सर, केस पिकलेले. त्यांनी कोमलला एक गणित घातलं. तिने सोडवलं. दुसरं घातलं, तेही सोडवलं. तिसऱ्याला ती अडली. सर म्हणाले, "कुठपर्यंत आलं?" तिने बोट ठेवलं. "मग पुढचं घरी बघ," असं म्हणून ते दहावीच्या सुट्टीतल्या जादा तासाला गेले. उत्तर काही त्यांनी सांगितलं नाही.

रिक्षात कोमल प्रवेश अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तेच गणित मांडून बसली होती. नाना मला म्हणाले, "ही शाळा." मी म्हणाले, "बघू." कोमल वर न बघता म्हणाली, "गप्प बसा ना दोघं."

आता ती मावशीकडे असते, मी जिथे झोपायचे त्याच कोपऱ्यात. रविवारी मी हॉस्टेलवरून जाते. निर्णय बरोबर होता की नाही, मला अजून खात्री नाही. गेल्या महिन्यात तिच्या डायरीत पहिला शेरा आला. मी नानांना व्हिडिओ कॉल लावला. ते मळ्यात होते, मागे आईचा आवाज येत होता.

नाना म्हणाले, "वाच."

"घाई करते. गणिताच्या मधल्या पायऱ्या गाळते. चुकलं तर पुन्हा करायला चिडते. पालकांनी भेटावे."

"आजून?"

"एवढंच आहे, नाना. चांगलं काही लिहिलेलं नाही."

मागून आई म्हणाली, "चिडायला बापावरच गेलीय." कोमलने नाक मुरडलं.

नाना गुरुवारी मार्केट करून शाळेत आले. मी लेक्चर बुडवून गेले. त्यांनी आधी अंगणातल्या नळावर हात धुतले, बराच वेळ, तरी नखांतलं हिरवं-काळं गेलं नाही. मुख्याध्यापिकांसमोर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डायरी पुढे ओढली. संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. पेन तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सहीच्या वर सावकाश लिहिलं, 'आभारी आहे.'

आई, हे कोमल तुला वाचून दाखवील. तू विचारतेस ना, सुट्टीत आल्यावर मी इतकी झोपते कशी? इतकी वर्षं मी घरी येताना वाटेत बातम्या नीट लावत यायचे. चांगल्या वर, बाकीच्या खाली. गेल्या शनिवारी घोटीच्या बसमध्ये बसले तेव्हा मी एका पेपरात नापास झाले होते, आणि घरी सांगायला तेवढंच होतं. मी खिडकीला डोकं टेकलं आणि आपल्या फाट्यापर्यंत झोपले.