बर्फात उमटलेली लाल चांदणी

पेडण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावर एक विवर आहे आणि त्यात चहूकडे पाय पसरलेल्या कोळ्यासारखी एक खूण. ती बर्फाखालच्या पाण्यानं झाली असावी असं सांगत तिचं चित्र नववीच्या वर्गात दाखवलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "टीचर, पाणी खालून वर आलं असेल तर गोल थारोळं व्हायला हवं. पाय कशाला फुटले?"

"खारं पाणी भुसभुशीत बर्फात शिरलं असावं, असा अंदाज आहे," मी म्हटलं. पण माझं मलाच ते पटेना.

घरी बाबांना चित्र दाखवलं. चौथी शिकलेल्या बाबांचा सारा जन्म जवळच्याच चोपडे गावातल्या बर्फाच्या कारखान्यात, मासळीसाठी लाद्या काढण्यात गेला. फोन डोळ्यांजवळ नेत ते म्हणाले, "असा मी बघलंय. आयतवारी कारखान्यात ये."

रविवारी सकाळी त्यांनी लादीवर बर्फाचा चुरा पसरला आणि एक बारीक नळी चुऱ्याच्या तळाशी नेली. मिठाचं पाणी नीट दिसावं म्हणून मी त्यात कोकमाचं आगळ मिसळलं. नळीतून ते सोडलं, तर नुसता गोल लाल डाग. मी हिरमुसले.

"चुरो भिजलो गो, बाय. सुको होयो."

त्यांनी नवी लादी फोडली, कोरडा चुरा न दाबता मोकळा पसरला. आता लाल पाणी मध्ये जरा थबकलं. मग एका बाजूला बोट निघालं, पलीकडे दुसरं, त्याला फाटा फुटला. बघता बघता चांदणी झाली.

"पाण्याक वाट गावली की ता थंय घुसता," बाबा म्हणाले. "घुसला की बर्फ विरघळता, वाट रुंद होता. मग मागला पाणी त्याच वाटेन धावता. दुसरी वाट सोधता कोण?"

लहानपणी शाळेच्या फॉर्मवर बाबांच्या कामापुढे मी 'नोकरी' एवढंच लिहायचे. बर्फाचं नाव घ्यायला लाज वाटायची. त्या दिवशी मीच म्हटलं, "बाबा, वर्गात येऊन दाखवाल?"

मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन आले. मुलं बाकांवर चढून बघत होती. चांदणी उमटल्यावर त्याच मुलीनं विचारलं, "आजोबा, तिकडेही असंच झालं असेल?"

"थंय मी गेलंय नाय," बाबा म्हणाले. "हंय असा होता, इतक्या खरा."

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी विचारलं, "त्या चंद्रावर मीठ खंयसून इला गो?"

तिथे मीठ कुठून आलं, हे मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. "वाचून सांगते," म्हटलं.