केसरीनाथ मढवीचा विम्याचा महिना

काल्हेरच्या केसरीनाथ मढवीने आयुष्यात एकदाच नवी कोरी गाडी घेतली, आणि तीसुद्धा बायकोच्या जिवावर. पुतळाबाईला तिच्या बापाने खाडीकडच्या खोलगटातलं दीड एकर भातशेत आंदण दिलं होतं. एकोणनव्वद साली गोदामवाले जमिनी विचारत गावात फिरायला लागले, तेव्हा केसरीनाथने गोड बोलून तिचा अंगठा कागदावर घेतला आणि दसऱ्याला पांढरीशुभ्र फियाट दारात आणून उभी केली. पुतळाबाईने गाडीला ओवाळलं. निरांजन हातात तसंच धरून ती म्हणाली, "माझं शेत हाय ते. नीट सांभाला."

केसरीनाथने मान डोलावली. ऐकलं काहीच नाही, ती गोष्ट वेगळी. गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी आल्यापासून त्याला दुसऱ्याचं ऐकू येणंच बंद झालं होतं.

विमा काढायला तो धामणकर नाक्यावर गुलाम हुसेनकडे गेला. गुलाम हुसेन भिवंडीचा जुना एजंट, अर्ध्या गावाच्या लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि ट्रक त्याच्या वहीत. त्याचं ऑफिस लूमच्या कारखान्याच्या वर माळ्यावर होतं आणि खाली सतत खडखडाट, त्यामुळे तिथे खासगी बोलणंसुद्धा ओरडूनच चालायचं.

"वर्षाचे दोन हजार, शेट!" गुलाम हुसेन ओरडला. "पाणी, आग, चोरी, ठोकर, सगळं आलं त्यात!"

"आनि महिन्याचा?"

"कुणाचा महिन्याचा?"

"विमा रे! एका महिन्याचा कितीला देतंस?"

असलं गिऱ्हाईक गुलाम हुसेनने बघितलं नव्हतं. त्याने छापील तक्ता काढून पुढे ठेवला. थोड्या मुदतीला दर चढा असतो, एका महिन्याला वर्षाचा पाव हिस्सा जातो, म्हणजे पाचशे. असे सुटे चार महिने घेतले की तेवढ्यात अख्खं वर्ष येतं. हे त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बोटांवर मोजून दाखवलं.

केसरीनाथ हसला. सगळ्या जगाची लबाडी आपल्याला कळली आहे, असं हसणं. "मना काय येरा समजतंस? गारी मी बारा महिने कवा चालवतंय? लगीनसराईला काढीन, जत्रंला काढीन, बाकी दारात झाकून. उभ्या गारीचे पैसे मी कशाला भरू? उभ्या गारीला काय व्हतंय?"

"शेट, अल्लाला स्मरून सांगतो, वर्षाचा घ्या."

"तुना कमिशन जास्त भेटतंय, म्हनून!"

गुलाम हुसेनने एका महिन्याची पावती फाडली.

दसऱ्याचा महिना संपला आणि केसरीनाथने गाडीवर ताडपत्री टाकून ती सुतळीने आवळली. गाडी झोपली, असं तो गावाला सांगायचा. माघात लग्नं निघाली तेव्हा पुन्हा पाचशे भरले, नारळ फोडला आणि गाडी उठवली. चैत्रात आई एकवीरेच्या दर्शनाला जायचं होतं, तेव्हा पुन्हा पाचशे, पुन्हा नारळ. जत्रा झाली, महिना भरला, ताडपत्री चढली. वैशाखात लग्नांची झुंबड, तेव्हा चौथ्यांदा तेच.

गावानेही मग ताल धरला. नवरदेवाला फियाटमधून मिरवायचं, म्हणून लग्नघरचा बाप भटजीकडे जायच्या आधी केसरीनाथच्या ओट्यावर यायचा. "शेट, विमा कवापासून कवापरत हाय?" शेजारच्या बाळारामने तर आपल्या पोराचं, दामूचं लग्न आठ दिवस अलीकडे ओढलं, कारण ठरल्या तारखेला नवरदेवाची गाडी बिनविम्याची निघाली असती. भटजीने कुरकुर केली, पण भटजीकडे कुठे फियाट होती? केसरीनाथला हा मान फार आवडला. आपल्या विम्यावर गावाचे मुहूर्त निघतात म्हटल्यावर त्याची चाल बदलली, रस्त्याने चालताना पोट पुढे आणि तो मागे.

पुतळाबाईने एकदाच विचारलं, "आवो, चार येळंला भरलंत. त्यापरीस सालाचं एकदम न्हाय का भरायचं?"

"तुना काय कळतंय विम्यातलं!" तो म्हणाला. तिला शेतातलं कळत होतं, पण शेत कुठे उरलं होतं?

जूनमध्ये गाडी झोपली. जुलैत तीन दिवस पावसाने उसंत घेतली नाही, आणि चौथ्या दिवशी भर दुपारी खाडीला उधाण आलं. असलं उधाण काल्हेरला काही नवं नव्हतं. दर वर्षी पाणी चढायचं, पुतळाबाईच्या खोलगटात जाऊन बसायचं आणि ओहोटीला निमूट परत जायचं. पण त्या वर्षी खोलगट होताच कुठे? तिथे पुरुषभर उंचीचा भराव आणि भरावावर गोदाम. पाणी आलं, गोदामाच्या भिंतीला थडकलं, वळलं आणि सरळ मढवीच्या अंगणात शिरलं.

केसरीनाथ ओट्यावर उभा राहून बघत होता. चाकं बुडाली, दारं बुडाली, मग ताडपत्रीचा फुगा तेवढा दिसत राहिला. सुतळी इतकी पक्की आवळली होती की सोडायला जाऊनही सुटली नसती. तो नुसता "गारी! गारी!" करत ओरडत होता. त्याचं ऐकणार कोण, सगळ्यांच्याच घरात पाणी.

ओहोटी लागल्यावर बोनेट उघडलं, तर आत चिखल आणि खाडीतले दोन निवटे मासे, जिवंत. मिस्तरीने बघितलं आणि सांगितलं, इंजिन गेलं, वायरिंग गेलं, दुरुस्तीपेक्षा भंगारात घाला.

तेव्हा शेट धामणकर नाक्यावर पळाला. गुलाम हुसेनने वही उघडली. त्या दिवशी नेमकी वीज गेली होती, खालच्या लूम बंद होत्या, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं नाही. तो हळूच बोलला आणि ते जास्त लागलं.

"दसरा पाचशे, माघ पाचशे, चैत्र पाचशे, वैशाख पाचशे. दोन हजार झाले, शेट. तेवढेच दसऱ्याला एकदम भरले असते, तर आज मी तुमचा क्लेम लिहीत बसलो असतो. पैसे वर्षाचे दिलेत, वर्ष मात्र घेतलं नाहीत."

केसरीनाथने साखळी चाचपली.

पुढे भंगारवाला आला, तेव्हा पुतळाबाई गाडीच्या दारात उभी राहिली आणि तिने त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी तिने मागची सीट उपटून काढली, आत पेंढा अंथरला आणि आपल्या अकरा कोंबड्या आत सोडल्या. पंधरवड्यात कोंबड्या तिथे अंडी घालायला लागल्या. गाव हसायला लागलं. ज्यांनी त्या गाडीसाठी मुहूर्त हलवले होते, ते जास्त हसले.

केसरीनाथला ते सोसेना. एका सकाळी काठी घेऊन तो कोंबड्या हाकलायला धावला. "काय मांडलंस ह्ये! लोकं तोंडात शेन घालतात. किती दिस ऱ्हायच्या ह्या?"

पुतळाबाई खिडकीतून हात घालून अंडी काढत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"माझं शेत हाय ते," ती म्हणाली. "बारा महिने ऱ्हातील."